फेराबाहेर

आई: दाखला मिळाला, पण तुमचे आभार मानल्याशिवाय पाय निघेना, बाई. वर्षभर खंजिरी तुम्ही आमच्या ठकीच्याच हातात दिलीत.

बाई: बसा ना, ताई. खुर्ची लहान आहे, पोरांची आहे.

आई: चालेल. तिच्या बाबांची पुन्हा बदली झाली, नाहीतर ही शाळा सोडवली नसती. मी सगळ्यांना सांगते, फेराच्या खेळात ताल आमची लेक धरते.

बाई: नका सांगू. आणि आभारही मानू नका.

आई: का हो? काही केलं का तिनं?

बाई: तिनं नाही, मी केलं. पहिल्या आठवड्यात पोरांनी हातात हात घेऊन फेर धरला, तर शेजारच्या मुलीनं तिचा हात सोडला. ‘लांबून आलेल्या काळ्या लोकांचा रंग लागतो’ म्हणाली. मग दुसऱ्या बाजूच्या मुलानंही सोडला. पाच वर्षांची पोरं, ताई!

आई: आणि ठकी?

बाई: दोन्ही हात पुढे करून तशीच उभी. मला वाटलं, आता रडणार. मी घाईघाईनं कपाटातली खंजिरी तिला दिली आणि ताल धरायला फेराबाहेर उभं केलं. ती हसली, आणि मी सुटले.

आई: एका दिवसाचं मी समजू शकते.

बाई: एक दिवस कुठला? फेर धरला की तिच्या हातात खंजिरी. त्या पोरांना मी एका शब्दानं विचारलं नाही. त्यांचे आईबाप भांडायला येतील, मोठ्या बाई बोलावून घेतील... म्हटलं, झाकली मूठ राहू दे.

आई: म्हणजे वर्षभरात एकदाही कुणी तिचा हात...

बाई: नाही.

(आई उठून खिडकीशी जाते. बाहेर मैदानात मुलं खेळत आहेत.)

आई: मी एकदा विचारलं होतं तिला, ‘रोज तूच का गं?’ तर म्हणाली, ‘मी फेरात गेले की बाई घाबरतात.’ मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, वेडी कुठली, बाई कशाला घाबरतील?

बाई: तिला कळलं होतं?

आई: मलाही कळायला हवं होतं. पण नव्या गावात आपली लेक कुणाची तरी लाडकी झालीय, हे ऐकायला इतकं बरं वाटायचं! पुढं विचारलंच नाही मी.

बाई: मी आत्ता बोलू तिच्याशी? सांगते, तुझ्या हातात काही वाईट नव्हतं.

आई: ते तिला ठाऊक आहे, बाई. त्या बाकीच्यांना सांगायचं होतं.

बाई: उद्या सांगते. सगळ्यांना समोर बसवून सांगते. मग येऊ देत कोण भांडायला येतं ते.

आई: उद्या आम्ही नसू. सामान गाडीत चढलंय.

बाई: हो... उशीरच केला मी.

आई: तरी सांगा.