कमरेने राखलेले पाणी

आमचे गाव पश्चिम खानदेशात, तापीच्या काठी, प्रकाशा या तीर्थक्षेत्राच्या अलीकडे. मुंज होताच वडिलांनी मला वेदशाळेत धाडले, तिथे गुरुजींनी मंत्रांबरोबर बसणेही शिकवले, पाठ, मान, मस्तक एका रेषेत आणि शरीर अचल, आणि काय सांगू तुम्हाला, ते बसणे हाडांत इतके भिनले की चालतानाही मी बसल्यासारखाच चालत असे. तरुणपणी ते खपले, कारण तरुण शरीर आपल्या मालकाचे सगळेच ऐकत नाही.

महादेवाच्या अभिषेकाचे पाणी नदीतून आणण्याचा मान आमच्या घराकडे. घागर भरून खांद्यावर घ्यायची, घाट चढायचा, वाटेत टेकवायची नाही, आणि पाणी सांडले तर पुन्हा नदीवर जायचे. पन्नाशीनंतर मी शेवाळलेल्या पायरीवरून पडलो, कमरेवरच पडलो. लेपांनी दुखणे गेले, भीती राहिली. मग मी सोवळ्यावर उपरणे आवळून कंबर जखडून टाकली, हलायलाच नको म्हणून, आणि नेमके तेव्हापासून पाणी सांडू लागले. परत नदी, परत सांडणे. चुलतभाऊ नीळकंठ देवळात सर्वांदेखत म्हणाला, दादा, पुरे आता, महादेव ताटकळतो, हा मान माझ्या घरी द्या. मी म्हणालो, श्रावणात पाणी मीच आणीन, सांडले तर घागर तुझ्या दारात ठेवीन.

बोललो खरा. मग घरी मंडळींना, म्हणजे आमच्या हिला, अंगणात भरली घागर घेऊन चालायला लावले आणि ओट्यावर बसून पाहत राहिलो. ती म्हणाली, अहो, या वयात हे काय न्याहाळता, सून घरात आहे. मी म्हणालो, अभ्यास चालला आहे. वेदशाळेत नव्हता वाटतं हा, म्हणाली, पण चालली. जो पाय उचलला जाई त्या बाजूची कंबर किंचित खाली येई आणि पायासोबत पुढे जाई, पाठीचा खालचा कणा उलट बाजूला वाकून, थोडा वळून तो हेलकावा जिरवी, म्हणून वर खांदे सपाट आणि पाणी निवांत. मग स्वतःच्या कमरेच्या हाडांवर अंगठे ठेवून चालून पाहिले, तर माझे सगळे धड एकदम वळत होते, दाराच्या फळीसारखे, आणि पायाचा प्रत्येक धक्का थेट घागरीत. आसनाचा नियम मी चालीला लावून बसलो होतो!

उपरणे सोडले. कंबर मोकळी करून रोज घाट चढू लागलो. नावाडी ओरडला, भटजीबा, हाई काय शे, लगनमा नाची ऱ्हायनात का? मी म्हणालो, वरात महादेवाची आहे, तूही चल.

श्रावणी सोमवारी सारे गाव पायऱ्यांवर. नीळकंठ म्हणाला, ब्राह्मणाने असे डुलत चालावे, शोभते का? मी चालता चालताच म्हणालो, पाणी सांडू नये असा नेम आहे, कंबर हलू नये असा नेम कुठे आहे ते दाखव. देवळात त्याने स्वतः घागरीत डोकावून पाहिले, पाणी काठोकाठ होते, आणि तो बाजूला झाला.

आता साठी उलटली, मान अजून माझ्याकडेच आहे. पोरे मागून माझी नक्कल करतात, करोत, त्यांच्या कमरा देव अशाच मोकळ्या ठेवो. मोठ्यांना हसायचे असेल तर त्यांनी कडेला बसून हसावे. वाट मात्र सोडावी, घागर भरलेली आहे.