अल्ब्युमिन दोन पूर्णांक तीन

सन्माननीय अध्यक्षा, म्हणजे आपल्या रुग्णालयाच्या अधीक्षक मॅडम. व्यासपीठावरची डॉक्टर मंडळी. वॉर्डांतल्या सिस्टर, कर्मचारी बंधुभगिनींनो. आणि बत्तीस वर्षांनी आज प्रयोगशाळेच्या खिडकीवरून उठणाऱ्या आमच्या ताई, त्यांचे यजमान आणि लेक, सर्वांना नमस्कार.

प्रयोगशाळेचा माजी प्रमुख म्हणून मी चार गोड शब्द बोलावेत अशी आज्ञा आहे. गोड बोलणं मला कधी जमलं नाही, हे समोरच्या निम्म्या लोकांनी भोगलेलं आहे. हसा, हसा. तुमचा हक्कच आहे तो.

ताईंच्या हाताबद्दल आधीच्या वक्त्यांनी सांगितलंच. शीर सापडेना की वॉर्डातून एकच निरोप यायचा, ताईंना पाठवा. पण त्यांच्या डोक्याबद्दल कुणी बोललं नाही. ते मी बोलतो, कारण त्या डोक्याचं एकदा मी ऐकलं नाही.

नऊ वर्षं झाली. पायाच्या जखमेसाठी दाखल झालेल्या एक बाई होत्या. पन्नाशीच्या. दाखल होताना रक्तातलं अल्ब्युमिन चार होतं, म्हणजे उत्तम. तिसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी स्वतः वॉर्डात जाऊन रक्त काढलं, मशीनला लावलं, आणि आकडा आला दोन पूर्णांक तीन.

आता पाहुण्यांसाठी थोडं सांगतो. अल्ब्युमिन हे यकृतात तयार होणारं प्रथिन. रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवण्याचं काम त्याचं. एकदा तयार झालं की दोन-तीन आठवडे टिकतं. मग दोन दिवसांत निम्म्यावर कसं येईल? आमच्या धंद्यात याला एक ठरलेलं उत्तर असतं: सलाईन चालू असलेल्या हातातून रक्त घेतलं, नमुन्यात पाणी मिसळलं. मी तेच म्हणालो. जरा चढ्या आवाजात म्हणालो.

ताई म्हणाल्या, "साहेब, सलाईन डाव्या हाताला होतं, मी उजव्यातून घेतलंय. आणि पाणी मिसळलं असतं तर सगळंच उतरलं असतं ना? सीआरपी बघा की. वीस होतं, तीनशेवर गेलंय. पाण्याने चढतं का कधी?"

अहो, किती साधं! घराला आग लागली की रोजचा स्वयंपाक कोण करत बसतं? सगळे पाण्याकडे धावतात. जंतुसंसर्ग भयंकर वाढला की यकृतही तेच करतं. अल्ब्युमिनचं काम मागे टाकतं आणि सीआरपीसारखी, रक्त गोठवणारी, लढाईची प्रथिनं भराभर काढू लागतं. वर रक्तवाहिन्या पाझरू लागतात, असलेलं अल्ब्युमिनही बाहेर झिरपतं. एक आकडा कोसळतो, दुसरा उसळतो. दोन्ही आकडे माझ्यासमोर एकाच कागदावर होते. हे मी विद्यार्थ्यांना फळ्यावर शिकवत होतो! पण त्या दिवशी, समोर एक तंत्रज्ञ मला शिकवते आहे, एवढंच मला दिसलं.

मी अहवाल अडवला. पुन्हा रक्त घ्या म्हणून कळवलं. आणि नोंदवहीत स्वतःच्या हाताने लिहिलं: "नमुना घेण्यात दोष, तंत्रज्ञाची चूक."

वॉर्डात गर्दी, पाळी बदलायची वेळ. दुसरा नमुना यायला पाच तास लागले. आकडा आला दोन पूर्णांक दोन. तोवर त्या बाईंचा रक्तदाब कोसळला होता. दोन दिवसांनी त्या गेल्या.

पाच तास आधी कळलं असतं तर वाचल्या असत्या का? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. मला नऊ वर्षं त्या उत्तराचा आधारही वाटला आणि त्रासही झाला.

त्या गेल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या बाईंचे यजमान प्रयोगशाळेच्या खिडकीशी आले. रिपोर्टला उशीर का झाला, असं विचारलं. मी आतून म्हणालो, "रक्त नीट काढलं गेलं नव्हतं." खिडकीवर ताईच होत्या. तो माणूस त्यांना काय काय बोलला, ते मी इथे उच्चारणार नाही. त्यांनी मान खाली घालून सगळं ऐकलं. एकदाही मागे वळून माझ्याकडे बघितलं नाही. मी मूग गिळून आत बसलो.

नोंदवहीतलं ते वाक्य खोडायला एक रेघ पुरली असती. मी मारली नाही. पुढे दोनदा बढतीची वेळ आली, दोन्ही वेळा ते वाक्य वाचलं गेलं. नऊ वर्षांपूर्वी ताई ज्या पदावर होत्या, त्याच पदावरून आज निवृत्त होत आहेत. तुमच्यापैकी अनेकांना याचं कोडं होतं. कोडं कसलं, मी होतो.

गेल्या आठवड्यात मी त्या गृहस्थांना शोधून काढलं. सुतारकाम करतात. सगळं सांगितलं. वाटलं, अंगावर धावून येतील. त्यांनी हातातला रंधा बाजूला ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे खिडकीवरच्या त्या ताईंना मी उगाच बोललो?" आज या म्हटलं, तर म्हणाले, "कुठल्या तोंडाने येऊ?"

मला न येण्याची सोय नव्हती. मॅडम, नोंदीची दुरुस्ती मी सहीनिशी लिहून आणली आहे, ती आपल्याकडे देतो. गेलेली वर्षं त्याने परत येणार नाहीत, ठाऊक आहे मला.

आयोजकांनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, मनापासून आभारी आहे. वेळ जास्त घेतला, आनंदाच्या प्रसंगी नको ते काढलं, तेवढं सभागृहाने पदरात घ्यावं.

ताई, तुमच्याकडे मात्र आज मी माफी मागत नाही. मागितली की तुम्ही लगेच "असू द्या हो, साहेब" म्हणाल, आणि मी सुटेन. नका म्हणू.