राणीचा पलंग

ऑल्डरकोटच्या हवेलीत तिकिटं देणाऱ्या ग्लेनिसनं रांगेतल्या विल्फ्रेडना लगेच ओळखलं. हेन्री राजाच्या टाकलेल्या राणीचा पलंग तीस वर्षं त्यांनीच तर लोकांना दाखवला होता. आज सोबत त्यांची मुलगी होती. तिकिटं घेऊन दोघं पलंगापाशी आली.

“बाबा, नवी पाटी वाचलीत?”

“वाचली, हिल्डा.”

“संशोधकांनी लाकूड तपासलंय. राणी गेल्यावर सत्तर वर्षांनी तोडलेल्या झाडाचं आहे ते. तिनं या पलंगावर प्राण सोडलाच नाही.”

“तेव्हा आम्हाला काय ठाऊक?”

“बायका रडायच्या तुमचं ऐकून. शेवटच्या घटकेला राणीजवळ तिचं म्हणावं असं कुणी नव्हतं, असं सांगायचात.”

“लोकांना आवडायचं ते.”

“आई गेली त्या दुपारीही तेच सांगत होतात. तीनदा फोन केला मी इथे.”

“निरोप मिळाला होता. आलेल्या लोकांना सगळं दाखवून निघणारच होतो.”

“हो ना.”

“आणि तू होतीस की तिच्याजवळ.”

“नव्हते, बाबा. मी अर्ध्या वाटेवर होते. तुम्हाला न्यायला इकडेच येत होते.”