छप्पर बाकी

हॅलो?... हॅलो, कोण?... अगं आई, तू होय! ओरडू नकोस, ऐकू येतंय. फोन आहे तो, डोंगरापलीकडे हाक मारायची नाहीये.

हो… हो, ऑफिसातच. मी कुठं जाणार?... नाही गं, जेवले नाही अजून… खिडकी? बंद आहे. दारही बंद आहे. वारा लागून मी मरणार नाहीये, आई! साठीला आले मी, तरी तुझं आपलं तेच. वारा लागेल, वारा लागेल.

बरं, बोल… हं… हं… नाही. नाही सापडलं अजून… अगं, विसरेन कशी? नदीकाठच्या घराचा नकाशा. बाबांनी तुझ्यासाठी काढलेला. सकाळपासून तेवढंच तर शोधतेय. पण इथं येऊन बघ एकदा! छतापर्यंत भेंडोळी. सगळी सारखी, सगळी पिवळी, आणि एकावर नाव असेल तर शपथ.

…हो ना, प्रत्येक भेंडोळ्याला पट्ट्या होत्या, छप्पर चढताना मालकांनी दिलेल्या कापडाच्या. होत्या, आई! आता नाहीत. त्या बेलग्रेडच्या मुली आल्यात ना, नकाशे मशीनमधून काढून कॉम्प्युटरात घालणाऱ्या, त्यांनी सोडून टाकल्या… अगं, त्यांचं काय चुकलं? कापडासकट कागद मशीनमध्ये कसा जाईल? त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत, आमचे बाबा उभ्या जन्मात नकाशावर मालकाचं नाव म्हणून लिहायचे नाहीत!… हो, हो… "कापड बांधलंय ना, मग लिहायचं कशाला?"… अगदी तस्संच! आवाज काय हुबेहूब काढतेस गं त्यांचा. पुन्हा म्हण ना एकदा… नको? बरं, राहू दे.

तिहोला कशाला बोल लावतेस?… आई, ऐक. तिहोमीर तुझा धाकटा असेल, पण बाबांची बांधकाम कंपनी आता तोच चालवतो, आणि त्याचं बरोबरच आहे. मागच्या खोलीत पावसाचं पाणी शिरतं. उंदरांनी कडा खाल्ल्यात. गेल्या महिन्यात शाळेची भिंत फोडली, तर आतून पाण्याचा नळ! हेडमास्तर नखशिखांत भिजले. नकाशा कधी सापडला, माहितीये? दुसऱ्या दिवशी… हसू नकोस! नवा सूट होता त्यांचा… तर आता सगळं कॉम्प्युटरात. घराचं नाव टाका, प्लॉटचा नंबर टाका, नकाशा समोर हजर. कागदही नीट पेट्यांत घालून कोरड्या खोलीत.

हं, तीच तर मेख आहे. ज्याला नाव नाही, त्याला पेटी नाही. तिहोनं सांगितलंय… रद्दीत. हो. रद्दीवाल्याचा ट्रक दुपारी येतोय… आजच!… अगं, म्हणून तर जिवाचं रान करतेय ना मी! आई, रडू नकोस… रडत नाहीयेस? मग नाक कसलं ओढतेस?… बरं, मिरच्या भाजतेयस. बरं. भाज.

आता एक सांग. पट्ट्यांचं पोतं सकाळपासून सापडत नाहीये. इथंच दारामागं ठेवलं होतं… काय?… कसलं पोतं?… मिलादिननं आणून दिलं? आपल्या ड्रायव्हरनं? तुला?… वर 'चिंध्या' लिहिलेलं?… अरे देवा! अगं, मुलींनी लिहिलं ते, दुसरं काय लिहिणार त्या?… हो, बरोबर आहे. आपल्याकडं पोतंभर चिंध्या दिसल्या की माणूस त्या माग असलेल्या बाईकडंच नेऊन टाकणार. मिलादिनचं काय चुकलं! सगळ्यांचंच बरोबर आहे आज, एक माझंच नशीब चुकलंय.

तू काय केलंस त्यांचं?… धुतल्यास. बरं… वाळवल्यास. बरं… आई, नको सांगूस. नको… टोकाला टोक शिवून मागावर घेतल्यास? सतरंजी विणतेयस?! थांब! हात थांबव! आत्ताच्या आत्ता उठ तिथनं!… ओळखल्यास? ओळखूनही विणायला घेतल्यास?…

…हं.

…हं, आई.

…नाही गं. रागावले नाही. मला वाटलं… "तुम्हाला नकोत, मग मी ठेवते." असं का म्हणतेस? कुणी सांगितलं आम्हाला नकोत म्हणून?… भिंतीवर टांगणार होतीस? पाय नाही पडू देणार?… नाही, चूक नाही केलीस. तू ठेवल्यास, हेच बरं झालं. कचऱ्यात गेल्या असत्या तर बसले असते बोंबलत.

पण आता काय, गं? पट्टी तुझ्याकडं, भेंडोळं माझ्याकडं. कुठली कशाची, कसं कळणार?… तेच तर म्हणतेय मी… थांब हं. थांब, थांब, थांब… आई, आत्ता हातात एक घेतलंय. कागद पिवळा पडलाय, पण मधेच चांगला वीतभर रुंद पट्टा पांढराच राहिलाय. आणि कडेला लालसर काहीतरी… डाग नाही गं. रंग उतरलाय. कापड बांधलेलं होतं तिथं!… दुसऱ्यावर? बघते… हो! याच्यावर निळे चौकडे! फिकट आहेत, पण आहेत. अगं आई, खुणा राहिल्यात! इतकी वर्षं बांधलेलं कापड, ते जाता जाता सही करून गेलंय गं!

पेन घेते. तू तिकडून सांग… रुंद, पांढरं, काठाला लाल… लाल कोंबडे? मग येवरोसिमाबाईंचं घर! त्या एकट्या बाईनं बांधलेलं. हो, हो, आठवतंय! छप्पर चढलं त्या दिवशी सगळं गाव अंगणात. आढ्यावर दोरी बांधलेली, दोरीवर शर्ट, टॉवेल, ज्यानं गवंड्यांना जे दिलं ते. आणि बाबा वर आढ्यावर उभे, हातात तिचा तो टॉवेल… "ऐका होऽऽ! येवरोसिमाबाईनं कापड दिलं! कोंबड्यांचं कापड दिलं! तिच्या चुलीचा धूर कधी न थांबो!"… मी खाली डोळे वर करून बघत असायचे. मला वाटायचं, हे ओरडल्याशिवाय घराला पाऊस अडवताच येत नसेल.

बरं, पुढे… निळे चौकडे. शर्ट… कुणाचा?… गुरांच्या डॉक्टरांचा, रादोवानचा! एकच शर्ट दिला आणि गवंडी आठ, म्हणून बाबांनी वरच फाडून वाटला! डॉक्टरांचं तोंड असं झालं होतं… हो, आणि नंतर राकिया दारूच्या बाटल्या काढल्या त्यांनी लाजेखातर, तर गवंडी उतरायलाच तयार होईनात!… आई गं, किती हसलो होतो आपण.

हिरवी रेशमी?… चिंचोळी हिरवी खूण… सापडली! ही कुणाची?… गिरणीवाल्या पाव्लेची? त्या चिकट माणसानं रेशमी कापड दिलं?… बायकोचा रुमाल! तिला न विचारता! मग काय झालं?… शिडी काढून घेतली तिनं? बाबा वर असताना?… हे मला कधी सांगितलं नव्हतंस! अगं, थांब, पोट दुखायला लागलं…

क्षणभर धर हं, तिहो आलाय… काय रे?… आईचा फोन आहे… मला माहितीये ट्रक निघालाय. निघू दे… तिहो, हे बघ, खुणा आहेत. नावं मिळतायत, धडाधड. हे गुरांच्या डॉक्टरांचं, हे गिरणीवाल्याचं… नंबर मिळेल रे, नगरपालिकेतून. नाव कळलं की नंबर मिळतोच… बस तू. बस म्हणते ना! तू टाइप कर, मी सांगते. साहेब झालास म्हणून हात झिजणार नाहीत… आई, बसला. हो, मुकाट्यानं बसला. तू सांग.

हं… काळी-पांढरी… लिही रे, "दूधडेअरी"… पिवळी लोकरीची… "मास्तरांचं घर". त्यांच्या आईनं विणलेला मफलर, भर उन्हाळ्यात दिला होता बघ… तिहो म्हणतोय, त्यालाही आठवतं. त्यानं तो गळ्यात घालून बघितला होता आणि अंगभर पुरळ उठलं… हो गं, म्हणतोय की हसून. तो तर म्हणायचा, बाबांच्या त्या ओरडण्याची लाज वाटते, शाळेतली पोरं चिडवतात… आता मान खाली घालून टाइप करतोय बघ.

…झाल्या? सतरंजीतल्याही सगळ्या झाल्या? एकही पट्टी नाही राहिली?… बरं.

आई… इथं एक भेंडोळं उरलंय.

…नाही. याच्यावर काहीच खूण नाही. पांढरा पट्टा नाही, रंग नाही. सगळीकडून सारखंच पिवळं. याला कधी काही बांधलेलंच नाही गं.

…उघडून बघू म्हणतेस?

…उघडते. हळूच उघडते, नको काळजी करू… हो, बाबांचंच अक्षर. मापं त्यांचीच… चुलीजवळ? बघते… हो, खिडकी आहे. एक उंच आहे, आणि तिच्या शेजारी एक अगदी खाली, बुटकी… काय?… तू बुटकी म्हणून! चूल पेटवता पेटवता तुला नदी दिसावी म्हणून!… आई गं. तिहो, बघ ना रे. बघ हे.

हेच आहे, आई. सापडलं. अगं, सापडलं! रडायचं काय त्यात… रड, रड. मीही रडतेय. इथं कुठं मिरच्या आहेत!

…हो, मला सगळं आठवतंय. पाया आखून झाला आणि धरणाचं पाणी आलं, सगळ्याचं तळं झालं. बाबांनी नकाशा गुंडाळून ठेवला. पण दर वसंतात तुला होडीत घालून न्यायचे, मधोमध वल्हं थांबवायचे आणि म्हणायचे, "कोसारा, आत्ता तू स्वयंपाकघरात आहेस." आणि तू विचारायचीस, "मग पडवी कुठाय?" की ते आणखी दोन वल्ही मारायचे… मी मागं बसलेली असायचे ना. मला वाटायचं, खाली खरंच घर आहे. वाकून वाकून बघायचे, तू वेणी धरून ओढायचीस.

थांब, तिहो काय म्हणतोय… नंबर? अरे, त्या जमिनीला कुठला आलाय नंबर? तळ्याच्या पाण्याला नंबर असतो का?… तिहो, तुला पाया पडते, हे एवढं भेंडोळं… काय?… काय म्हणालास?… आई, तिहो म्हणतोय, नंबरच्या जागी 'तळं' लिहू. त्यानंच लिहिलं. कॉम्प्युटरनं घेतलं, बघ! मुकाट्यानं घेतलं!

आता कॉम्प्युटर खाली विचारतोय, काम कुठवर आलं. तीनच गोष्टी कळतात त्याला, झालं, चालू किंवा रद्द… नाही, नाही! रद्द नाही लिहीत! ओरडू नकोस, तिहोलाही ऐकू गेलं… 'चालू' टाकतोय तो. आणि पुढे रिकामी जागा आहे, शेरा लिहायला. काय लिहायचं?… पुन्हा सांग… "छप्पर बाकी." लिही रे. छप्पर बाकी.

झालं, आई. पेटी मिळाली तुझ्या घराला. आता ट्रक येऊ दे नाहीतर आगगाडी येऊ दे.

…कुठलं कापड?… म्हणजे? कधी विणलास तू टॉवेल?… पाया आखला तेव्हाच? आणि आजवर कपाटात?… बाबा गेले तेव्हा त्यांच्या थडग्यावरच्या क्रुसाला बांधायला सगळ्यांनी मागितला, तरी काढला नाहीस… हं… "तो छपराचा होता." हं, आई… कळलं.

कात्री नको! अगं, कापू नकोस! ठेव ती खाली. अख्खाच घेऊन ये. याला अख्खाच बांधायचा… संध्याकाळच्या बसनं ये. नाही, मिलादिनला पाठवते. पण त्याच्या हातात काही देऊ नकोस, भलतीकडं नेऊन टाकेल. स्वतः घेऊन ये.

…ओरडायचं?… हो गं, कापड दिलं की ओरडायलाच हवं. पण बाबा नाहीत, आता कोण… तिहो? तिहोला?… तिहो, आई विचारतेय… उठलास कशाला? कुठं चाललास?… आई, तो खिडकी उघडतोय. हो, सताड! लागू दे वारा, एकदा लागला तर मरत नाही कुणी!… मी फोन बाहेर धरते. ऐक हं.

घे श्वास. "ऐका हो"पासून… जोरात, रे! गवंडी खाली वाळू चाळतायत, त्यांना ऐकू जाऊ दे… हां! "कोसाराबाईनं कापड दिलं…" विसरलास? "अख्खं कापड दिलं…" म्हण! "तिच्या चुलीचा धूर…" हां! हां, बाबांसारखं! पुन्हा म्हण, गवंड्यांनी टोप्या काढल्या बघ!

…ऐकलंस, आई?… आई?… काय?… कसला वास?… अगं, मग पळ ना! फोन काय धरून बसलीस! ठेव, ठेव!… हॅलो?… हॅलो?

ठेवला. तिहो, मिरच्या जळाल्या रे तिच्या. घरभर धूर झालाय म्हणे.