चार मायक्रॉन

— नाही, नाही, उचलू नका तो. डबीचं झाकण मी मुद्दाम लावून ठेवलंय, राहू द्या. चेकिंग झालंय, रिपोर्ट टाइप झालाय, फक्त माझी सही राहिलीय, आणि सही मी करणारच आहे, घाई कशाची? बसा. चहा घ्या. सकाळपासून तीन फोन केलेत तुम्ही — मॅडम झालं का, मॅडम परवा ऑडिट आहे, मॅडम चाकणहून कंपनीची माणसं येणार. माहितीय मला सगळं. त्यांच्यासमोर हा मास्टर ठेवायचा, त्याचं ताजं सर्टिफिकेट ठेवायचं, नाहीतर पिनांची ऑर्डर दुसरीकडे जाणार. तुमच्या नव्या मास्टरचं काय झालं म्हणालात — पडला? टवका उडाला? अरेरे. आणि दुसरा यायला तीन आठवडे. म्हणून हा घेऊन आलात. बरोबर? मग ऐका. हा फेल आहे.

फेल म्हणजे फेल. चार मायक्रॉननं बारीक. तुम्ही मॅनेजमेंट शिकून आलात ना बाहेरून, म्हणून सोपं करून सांगते — डोक्यावरच्या एका केसाचे उभे सतरा भाग केले, तर त्यातला एक. एवढाच. पण मास्टर म्हणजे काय, तर अचूक मापाची नमुन्याची पिन, वाण्याच्या तागडीतलं वजनच म्हण ना. त्याच्यावर बाकी सगळं तोलायचं. वजनच हलकं निघालं तर मग दुकान कसलं? बघा, चेहरा पडला. अगदी साहेबांसारखा पडतो हो तुमचा चेहरा, आधी डावी भुवई खाली येते. सुरेंद्रसाहेबांचे चिरंजीव ना तुम्ही? क्षितिज. दारातून आत आलात तेव्हाच ओळखलं मी. आता तू म्हणते, चालेल ना? अरे, खंडेनवमीला कंपनीत पूजा असायची, तेव्हा तुला कडेवर घेऊन फिरलेय मी. तीन-चार वर्षांचा असशील. ग्राइंडिंग मशीनला वाहिलेलं झेंडूचं फूल तोंडात घातलं होतंस, ते मी बोट घालून काढलं होतं. तुला कसं आठवेल! मी तांदळे. विजयश्री तांदळे. बाहेरच्या बोर्डावर नुसतं लॅबचं नाव आहे, माझं नाही, मुद्दामच नाही — माझं नाव असतं तर तुमच्या कंपनीतनं या दारात कुणी आलं असतं का? आणि तुमच्याकडचं कुणीतरी कधीतरी यायला हवं होतं मला. एकोणीस वर्षं वाट बघितली. आज तू आलास.

बस ना. उठतोस कशाला, सही व्हायचीय अजून.

मी अंबाजोगाईची. आयटीआय केलं, वर्गात तेवीस पोरं आणि मी एकटी. लग्न होऊन भोसरीला आले आणि तुझ्या बापाच्या कंपनीत चेकिंगला लागले. पिना तपासायच्या. तुला वाटेल कंटाळवाणं काम, पण मला वेड लागलं रे त्याचं. हातातल्या बांगड्या काढून ठेवल्या — किणकिणल्या की लक्ष जायचं. सासू रडली, सवाष्ण बाई अन् मोकळे हात म्हणून. रडू दे म्हटलं. बोटांची ऊब लागून लोखंड फुगतं, म्हणून पिन हातात घेण्याआधी मी हात गार पाण्यात धरायची, थंडीतसुद्धा. लोक हसायचे. हसू दे म्हटलं. सात वर्षांत माझ्या हातून पास झालेला एक नग चाकणहून परत आला नाही. एक! साहेब म्हणायचे, तांदळेबाई, तुम्ही आहात तोवर मला झोप लागते. म्हणायचे, क्वालिटीचं सगळं खातं तुमच्याकडे देणार, दिवाळीनंतर. मग म्हणाले, पाडव्यानंतर. मला केबिन हवी होती अशातला भाग नाही — खोटं कशाला बोलू, हवी होती. काचेची. काचेवर माझं नाव. रोज घरी जाताना मनात ते नाव कोणत्या अक्षरात काढायचं हे ठरवायची मी. तुझ्यासारख्यांना नाव आयतं मिळतं, दारावरही आणि आडनावातही, तुला नाही कळायचं.

मार्च महिना, दोन हजार सहा. सहा हजार पिनांचा लॉट. गाडी दारात उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि मी लॉट अडवला. सगळ्या पिना जाड येत होत्या. थोड्याशाच, पण जाड. तुझा बाप आला, म्हणाला, बाई, सोडा, वर्षाअखेर आहे. मी म्हटलं, सोडणार नाही. पुन्हा म्हणाला, सोडा. मी म्हटलं, साहेब, तुम्ही सही करा, मी करत नाही. चाळीस माणसं ऐकत होती. तिथं चिडला तो. पन्नास पिना पिशवीत घातल्या, चिंचवडला एका लॅबमध्ये पाठवल्या, तीन तासांत कागद आला — सगळ्या ओके. मग मशीनं बंद करायला लावली. सगळी. तो आवाज थांबला की कसं होतं माहितीय? कानात दडा बसल्यासारखं. मला मध्ये उभं केलं, हातात पिन दिली, म्हणाला, मोजा बाई, सगळ्यांसमोर मोजा. माझा हात कापायला लागला. सात वर्षांत कापला नव्हता, त्या दिवशी कापला. तर म्हणाला, "बघा रे, हा हात माझी गाडी अडवतो. पोळ्या लाटायचं माप वेगळं असतं बाई, तिथं चालतं असं." आणि हसले. चाळीस माणसं हसली, क्षितिज. धोंडीबा म्हणून म्हातारा होता ग्राइंडिंगला, ज्याला मी भाऊबीजेला ओवाळायची, तोसुद्धा हसला. मी पिन ठेवली, डबा उचलला आणि गेटबाहेर पडले. दुपारचे दोन वाजले होते, घरापर्यंत चालत गेले, बसमध्ये कुणी भेटेल म्हणून.

तेवढ्यावर सोडलं असतं तर! पण भोसरी केवढीशी? चार ठिकाणी कामाला गेले, चारही ठिकाणी माझ्या आधी ती गोष्ट पोचलेली. तांदळेबाई? त्यांचा हात कापतो म्हणे. त्या सहा हजार चांगल्या पिना रिजेक्ट करणाऱ्या? तेव्हा ठरवलं मी. शिव्या नाही द्यायच्या, कोर्टकचेरी नाही करायची — मी असं माप करीन की तुझ्या बापाला माझ्या मापाखालून जावं लागेल. दागिने मोडले, नवऱ्यानं टेम्पो विकला, दोन खोल्यांत लॅब काढली. आज या पट्ट्यात माझ्या सहीवर कुणी बोट ठेवत नाही, भोसरी ते चाकण कुणालाही विचार. मागच्या वर्षी महिला उद्योजिका म्हणून शाल दिली मला, भाषण कर म्हणाले. मी म्हटलं, अचूकतेवर प्रेम करा. टाळ्या पडल्या. कसलं प्रेम घेऊन बसलास! रोज सकाळी ही खोली उघडताना मला ती चाळीस माणसं हसताना दिसायची, आणि मग हात असा स्थिर व्हायचा — बघ, आत्ता बघ. दिसतो कापताना? त्यांच्या हसण्यावर चालली ही लॅब. महत्त्वाकांक्षा बिक्षा लोक म्हणतात. मला सूड घ्यायचा होता.

आणि काही फुकट मिळत नाही, ते पण ऐक. मुलगी आहे मला, ऋता, तुझ्यापेक्षा दोनेक वर्षांनी मोठी. दहावीला चौऱ्याण्णव टक्के पडले, पेढा घेऊन धावत आली तर मी विचारलं, सहा कुठं गेले? तिच्या चित्रकलेच्या वहीत पट्टी लावून रेघा तपासायची मी. मला वाटायचं, हिच्यावर उद्या कुणी हसायला नको. मारुंजीला राहते ती आता, आयटीत आहे, इथून तासाभराची वाट. दिवाळीत येते, दारातूनच जाते. जाताना म्हणाली, आई, तुझ्याकडे मी कायम रिजेक्टच. असं म्हणाली. तर हे — हे तुला का सांगतेय मी? चहा पी. गार झाला.

काय? माझ्याकडे भाड्यानं द्यायला मास्टर आहे का? आहे की. तो बघ मागच्या कपाटात, तिसऱ्या कप्प्यात, वीस एमएम, मागच्या महिन्यात तपासलेला, एकदम चोख. तुझं ऑडिट त्याच्यावर सहज निघून जाईल. इतरांना देते मी, पण तुला नाही देणार. हात जोडू नकोस. दीडशे माणसं कामाला आहेत म्हणतोस, त्यांचं वाईट मला वाटतं, पण त्यांच्यासाठी तुझ्या बापानं यावं इथं. या खोलीच्या मधोमध उभं राहावं. माझी चार पोरं काम थांबवतील, मशीनं बंद करतील, आणि त्यानं मोठ्यानं वाचावं हे सर्टिफिकेट. फेल. अठ्ठावीस वर्षं क्वालिटीचे बोर्ड लावणाऱ्याचा मास्टर फेल. अकरा वेळा मोजलाय मी हा सकाळपासून. एकदाच पुरलं असतं. अकरा वेळा मोजला, गोडी लागल्यासारखा. आणि बाजूचा नंबर बघितला तेव्हा तर हसूच आलं — हाच तो! हाच मास्टर माझ्या टेबलावर असायचा रे. याच्यावरच डायलचा काटा शून्यावर लावून मी त्या पिना तपासल्या होत्या, त्या दिवशी —

हां, ते आलं माझ्याही डोक्यात, तू सांगायला नको. पण तेव्हा तो बरोबरच होता. नंतर झिजला. एकोणीस वर्षं तुमच्या पोरांनी घासला, पुसला नाही, तेल लावलं नाही, झिजणारच. नंतरच झिजला तो.

काय म्हणालास?

परत सांग. वापरातच नव्हता? कपाटात होता — कधीपासून? नीट आठवून सांग. ऑफिसच्या कपाटात, तेलाच्या कागदात गुंडाळलेला, वरच्या चिठ्ठीवर तारीख… एप्रिल, दोन हजार सहा. आणि नवा मास्टर तेव्हाच आणला? त्याच महिन्यात?

थांब. बोलू नकोस. बोलू नकोस म्हटलं ना.

मास्टर बारीक… म्हणून पिन जाड दिसली. चार मायक्रॉन. मला त्या जाड दिसल्या होत्या त्या चारच मायक्रॉननं — मी वहीत लिहिलं होतं, ती वही अजून आहे माझ्याकडे. म्हणजे पिना चांगल्या होत्या. सहा हजारच्या सहा हजार चांगल्या. चिंचवडचा कागद खरा होता, आणि मी एकोणीस वर्षं सगळ्यांना सांगत आले की तो पैसे चारून आणला. म्हणजे तुझा बाप बरोबर होता, आणि हे मीच टाइप केलंय, माझ्याच लॅबच्या कागदावर. यावर सही केली की —

नको, पाणी नको.

पण मग त्यानं हा बाजूला का ठेवला, क्षितिज? कुणी उगाच ठेवतं? मी गेल्यावर त्यानं हा तपासून घेतला असणार. त्याला कळलं असणार की तांदळेबाईचा हात बरोबर होता, हत्यार खोटं होतं. एप्रिलमध्ये कळलं. तेव्हा मी भोसरीत दारोदार फिरत होते. चार शब्द बोलायचे होते रे, त्या चाळीस माणसांपुढे नाही तर नाही, माझ्या दारात येऊन, गुपचूप तरी. लावायचाय फोन? लाव. विचार. स्पीकरवर टाक आणि इतकंच म्हण, कपाटातला जुना मास्टर भोसरीच्या लॅबमध्ये फेल झाला. माझं नाव घेऊ नकोस. बघू काय म्हणतात.

…

ऐकलंस? ऐकलंस ना तू पण? "विजयश्रीला कळलं का?" ऑडिटचं विचारलं नाही, ऑर्डरचं विचारलं नाही, कुठली लॅब तेही नाही. नावानं विचारलं. सात वर्षं तांदळेबाई म्हणत आला होता, आणि आज —

नाही, माझ्याकडे देऊ नकोस तो फोन. रडतायत तर रडू देत त्यांना. मला नाही ऐकायचं. हे घे, झाली सही. फेल. दोन प्रती आहेत, एक तुझी. मास्टरची डबी उचल, बॅग घे आणि ऊठ. भाड्याचा मास्टर मिळणार नाही, मघाशीच सांगितलं, परत परत विचारू नकोस. आणि त्यांना एवढंच सांग — कळलं. ठेव आता फोन. जा.