बॅटनच्या जागी मुळा

आमच्या उमरीच्या चॅम्पियन सविताकडून रिलेचा सराव मीच करून घेतला. खोटं कशाला बोलू, एकदाच घेतला, अन् तवा माझ्या हातात बॅटनबी नव्हता.

दुसऱ्या दिवशी लातूरला फायनल होती, अन् तिची जोडीदारीण अजून मैदानावर आली नव्हती. सविता म्हणली, "काका, मागून तेवढा बॅटन द्या. मी वळून बघत न्हाई, पळता पळता नुसता हात मागं करते."

असला मौका मी सोडतो व्हय? बाजाराच्या पिशवीतला मुळा काढून दिला हातात. पोरगी मुळा घेऊन टोकापर्यंत सुसाट! सगळं मैदान लोळून हसलं.

ती मुळा खातच परत आली.

"काका, उद्या शंका येऊन मी मागं बघितलं अन् हरले, तर परवा तुमच्या मागं लागंन. तवा तुम्ही वळून बघू नका. नुसतं पळा."