पंच भाऊजी करणार

दुकानाच्या रांगेत माझ्यापुढे दीर-भावजय उभे होते. टोपलीत लाल वाइनच्या तीन बाटल्या, संत्री, सफरचंदं आणि सोडा.

"भाऊजी, अजून सांगते, नुसतं सरबत करू."

"वहिनी, अंतिम सामन्याला सरबत दिलंत तर लोक मध्यंतरातच पळतील."

"पळू देत. तुम्ही दारू सोडून आठ महिने झालेत. उगाच विषाची परीक्षा कशाला?"

"आठ महिने मी जाईन तिथे लोक ग्लास लपवतात. सामन्याला तर बोलावतच नाहीत."

"काळजीपोटी करतात हो."

"कळतं मला. पण मला घरच्यासारखं बसायचंय, पेशंटसारखं नाही."

"आणि मन झालंच तर?"

"तुम्हाला सांगेन आणि एक चक्कर मारून येईन. तशी चक्कर दोनदा मारलीय."

"दोनदा? बोलला नाहीत कधी!"

"आता बोललो ना."

"बरं. मग करायचं कसं ते सांगा."

"फळांचे तुकडे, संत्र्याचा रस, दालचिनी, वर वाइन. चार तास फ्रिजमध्ये. सोडा अगदी शेवटी."

"आणि चव?"

"ती तुम्ही बघायची. तुमच्या चेहऱ्यावरून मी ओळखेन, काय कमी आहे ते."

"मी? मी आयुष्यात थेंब घेतला नाही! थांबा, फोन लावते... अहो, सगळ्यांना कळवा, सामना आपल्याकडे. पंच भाऊजी करणार आहेत... शिट्टीवाला पंच नव्हे हो, प्यायचा!... हो, ते स्वतःच करणार. त्यांना विचारूनच सांगतेय. आणि तुम्ही दुपारी घरीच थांबा, चव बघायला माणूस हवाय."